गावंडे मॅडमची रिकामी रेघ

गावंडे मॅडमना कशाची किळस येत नव्हती ते आधी सांगते, कारण ती यादी छोटी आहे. रक्त, शेण, लहान मुलांची वाहती नाकं आणि नापास झालेली मुलं. बाकी जवळजवळ सगळ्या जगाची त्यांना किळस यायची.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याचं शिक्षण, नोकरी, मानसन्मान असं काही आधी लिहावं लागत असेल. मॅडमचं मला तेवढं ठाऊक नाही. त्या अकोल्याच्या. घरी म्हातारी आई. आठवडाभर अमरावतीत खोली करून राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं अकोल्याला जायच्या. आमच्या विभागात एका संशोधन प्रकल्पावर त्यांची मुदतीची नेमणूक होती. एवढं माहीत आहे. आणि त्यांची ‘शी’ माहीत आहे.

शी तर आपण सगळेच म्हणतो. मॅडमच्या ‘शी’ची आधी तयारी चालायची. पहिल्यांदा नाकपुड्या आत ओढल्या जायच्या, मग उजव्या हाताची बोटं फाकायची, जणू त्या बोटांना एकमेकांचाही स्पर्श नको झाला आहे. आणि मग ती यायची, अगदी हळू, पण खोलीतल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारी.

आमचा विभाग कॉलेजच्या मागच्या इमारतीत आहे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. लोकांनी थुंकू नये म्हणून कुणीतरी भिंतीला देवांच्या फरशा बसवल्या, तर लोक दोन देवांच्या मधली जागा हेरून थुंकू लागले. मॅडम पहिल्या दिवशी जिना चढताना तिथं थांबल्या होत्या. मी मागे होते. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, “नेम पाय कसा हाय एकेकाचा! देवाले एक थेंब लागू देला नाही.” मग बोटं फाकली.

कॅन्टीनमध्ये त्या कधी बसल्या नाहीत. तिथला पोऱ्या काळ्या झालेल्या फडक्यानं टेबल पुसायचा. मॅडमचं म्हणणं होतं, “ते फडकं टेबल पुसत नाही. कालचं टेबल आजच्या टेबलाले लावते.” मी वलगावची. बसस्टँडवर, यात्रेत, कुठंही बसून खाल्लेली. त्या वाक्यानंतर माझा आलूबोंडा कायमचा सुटला. तो राग अजून आहे माझ्या मनात.

एसटीत बसायच्या आधी त्या सीटवर जुना पेपर अंथरायच्या. जातानाचा वेगळा, येतानाचा वेगळा. उतरताना तो पेपर वापरलेली बाजू आत घेऊन घडी करायच्या आणि दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायच्या. लोक हसायचे. एकदा एका बाईनं विचारलं, “कावून वं बाई, सीट चावते का?” मॅडम म्हणाल्या, “चावत नाही, चिकटते.”

विद्यार्थ्यांना त्या नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी ‘वलगाव’. माझ्यासोबत प्रोजेक्टला असलेला मुलगा अंजनगाव सुर्जीचा, म्हणून तो ‘अंजनगाव’. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “ए वलगाव, हात कायनं धुतले?”

“पाण्यानं, मॅडम.”

“पाण्यानं तं म्हैसही धुते. साबन कुठी हाय?”

मी घाबरून साबण लावला. मग त्यांनी माझ्यासमोर एक चिमटा ठेवला, आणि चिमट्यात धरून एक चिप दाखवली. नखाहून थोडी मोठी काच. तिच्यावर सोन्याचा इतका पातळ थर, की उजेडाकडे धरली तर आरपार हिरवट दिसायचं. मी आतापर्यंत सोनं आईच्या गळ्यातल्या चार मण्यांपुरतं पाहिलेलं. मी जवळ वाकले, तर मॅडम ओरडल्या, “श्वास तिकडं घे! तुया श्वासातबी लाख गोष्टी हायत.”

त्या चिपचं काम मला एका दिवसात कळलं नाही. आज जेवढं कळलं आहे तेवढं सांगते. आपल्याकडे गाई, म्हशी, बकऱ्या यांना एक आजार होतो. जनावर गाभ टाकतं, आणि दुधावाटे तो आजार माणसांनाही होतो. आजारी जनावराच्या रक्तात त्याची एक खूण सापडते. मॅडमना अशी चिप करायची होती की रक्ताचा थेंब टाकला की गोठ्यावरच, उभ्याउभ्या, ती खूण आहे की नाही ते समजेल. चिपवर त्या खुणेला धरणारे रेणू बसवायचे. खालून प्रकाश सोडायचा. खूण येऊन धरली गेली की परत येणारा प्रकाश जरासा बदलतो आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढते. सुटली की रेघ खाली.

ऐकायला सोपं आहे. पण रक्तात ती खूण एकटी नसते. हजार दुसऱ्या गोष्टी असतात आणि त्यांचा स्वभाव एकच, दिसेल त्याला चिकटणं. त्या चिकटल्या तरी रेघ चढतेच. यंत्राला काय कळतं, कोण चिकटलं! म्हणून मॅडमचं सगळं आयुष्य त्या सोन्यावरच्या दुसऱ्या एका थरात गेलं होतं, ज्याला काही म्हणजे काही चिकटू नये.

“मॅडम, म्हणजे तव्याला तेल लावतो तसं?” अंजनगावनं विचारलं होतं.

“उलटं. आपल्या थराले तेल नाही, पानी आवडते. एसटी डेपोत गाडी लागली की लोकं खिडकीतून रुमाल टाकतात का नाही जागा धराले? तसे या थरावर पान्यानं रुमाल टाकून ठेवले हायत, गच्च. रक्तातले भामटे चढतात, पायतात, जागा नाही, उतरून जातात. एकच सीट राखीव, आपल्या पाव्हन्यासाठी.”

मी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना तसंच सांगितलं. बाबा म्हणाले, “मंग पुढच्या गाडीची वाट पायतात का ते?” आईला रक्ताचं कळलं तेव्हा ती म्हणाली, “मायबाई, आंघोय करूनच घरात येत जाय.”

प्रत्येक चिपवर दोन वाटा असायच्या. एका वाटेत थर आणि त्यावर पाव्हण्याला धरणारे रेणू. दुसऱ्या वाटेत नुसता थर, धरणारं कुणी नाही. रक्त दोन्हीतून एकच जायचं. पडद्यावर पहिल्या वाटेची रेघ निळी, दुसरीची तांबडी. तांबडीला मॅडम ‘रिकामी’ म्हणत. निळी चढली म्हणून त्या कधी खूश झाल्या नाहीत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “रिकामी दाखव.” रिकामी जमिनीला लागून आडवी पडली असेल, तरच निळीला अर्थ. रिकामीही चढली, तर समजायचं की थराला घाण चिकटली आणि निळी खोटं बोलते आहे.

हे त्यांच्या बोलण्यात इतकं मुरलं होतं की माणसांनाही सुटका नव्हती. आमचे शिपाई बबनभाऊ एकदा सांगत होते, नातवाला ताप होता, दोरा बांधला, दुसऱ्या दिवशी उतरला.

“आन ज्या पोट्ट्याले दोरा बांधला नाही, त्याचा कधी उतरला?” मॅडमनी विचारलं.

“तो कोन?”

“तेच तं मी विचारून राहिली. रिकामा पोट्टा कुठाय?”

बबनभाऊ हसले. पण एचओडी सर हसले नाहीत, जेव्हा त्यांच्या बाबतीत तेच झालं. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की त्यांच्या नव्या टाइमटेबलमुळे विभागाचा निकाल वाढला. मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, “ज्या विभागाले नवं टाइमटेबल नव्हतं, त्याईचा वाढला का सर?” वाढला होता. सगळ्या कॉलेजचा वाढला होता. त्या वर्षी पेपरच सोपे आले होते. सरांनी गालातला खर्रा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला. ते तोंड भरलेलं असताना बोलायचे, मान थोडी वर करून, गळू नये म्हणून. ते मला आधी दिसत नव्हतं. मॅडम आल्यावर दिसायला लागलं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी निळी चढली आणि रिकामी आडवी राहिली. बकरीच्या रक्तात, ज्यात ती खूण आम्हीच मिसळली होती. मॅडमनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा रिकामी शेताच्या बांधासारखी सपाट. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अकोल्याहून आईच्या हातचे शंकरपाळे आणले. चमच्यानं वाढले. हातात घेऊ दिले नाहीत.

सरांनी लगेच समितीला कळवलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बाहेरगावची तीन माणसं येऊन प्रकल्प पाहणार होती. त्यांना पटलं तर प्रकल्प पुढे चालणार आणि मॅडमची नेमणूकही. नाही पटलं तर दोन्ही संपणार. हे मॅडमनीच आम्हाला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. घरी बाबा विळे, पावडं, फवारणीचा पंप सगळं धुऊन मांडतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शक, तराजू, यंत्रं. मॅडम आईचे डोळे दाखवायला दोन दिवस अकोल्यात थांबल्या होत्या. त्या सकाळच्या बसनं आल्या तेव्हा पूजा आटोपली होती. उदबत्ती दरवळत होती. सर नवरात्रात खर्रा सोडायचे, त्यामुळे ते नऊ दिवस जरा चिडके आणि जिना जरा कोरडा असायचा. तर सर नव्या कुर्त्यात उभे होते आणि टेबलावर एका ताटात झेंडूच्या पाकळ्यांवर मॅडमच्या चिपा मांडल्या होत्या. प्रत्येक चिपेला मधोमध हळद, कुंकू आणि एकेक अक्षता.

मॅडमच्या नाकपुड्या आत गेल्या.

“या मॅडम, या. प्रसाद घ्या,” सर म्हणाले.

“हे कोनं केलं?”

“मीच. असं काय करता? तुम्हीच समितीले लिहून देलं ना, सोन्याचा थर म्हणून. मग खंडेनवमीले सोन्याले हळदीकुंकू नाही लावाचं, तं का पत्र्याले लावाचं?”

सगळे हसले. मॅडमचं लक्ष फ्रिजकडे गेलं. फ्रिज आतूनबाहेरून पुसलेला, दारावर स्वस्तिक.

“आन रक्त?”

बबनभाऊ पुढे आले. “मॅडम, देवीच्या दिवसात फ्रिजमंदी रक्त बरं नाही दिसत. म्याच टाकलं. बाटली बी धुतली, चांगली घासून.”

मला वाटलं आता स्फोट होईल. मॅडम खालच्या आवाजात बोलल्या. “पूजेले माही ना नाही, बबनभाऊ. मशीनच्या झाकनाले लावा, दाराले लावा, माह्या कपायाले लावा. पन जिथं कायीच चिकटू नये म्हनून मी इतके वर्सं मरून राहिली, नेमकं तिथंच लावलं तुमी?”

मग ती सावकाश आलेली शी. सर म्हणाले, “पूजेले शी म्हणता?” मॅडम म्हणाल्या, “पूजेले नाही. त्या बोटाले,” आणि सरांच्या हळदीच्या बोटाकडे पाहिलं.

दिवसभर त्या एकेक चिप चिमट्यात धरून धूत बसल्या. कुंकू गेलं. हळदीची पिवळी झाक राहिली. कपाटाच्या आतल्या डबीत मात्र दोन चिपा होत्या, ज्यांना कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्या दोनांवर समितीचं सगळं आलं.

रक्त ताजं हवं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन मटणाच्या दुकानी गेल्या. नऊ दिवस उपास झालेले, त्यामुळे तोबा गर्दी. बाहेरची नाली तुंबलेली, तिच्यावर माशा आणि पिसं. मॅडमनी ओढणी नाकाला लावली, ती नालीसाठी. आत रक्ताजवळ आल्यावर ओढणी खाली घेतली आणि स्वच्छ काचेची बाटली पुढे केली.

दुकानदार चाचा ओळखीचे झाले होते. “क्या मॅडम, सब लोग कलेजी मांगते, आप खून मांगते. पकाते कैसा?”

“पकाते नहीं चाचा. इसमें जो चिपकता है ना, उसको देखना है.”

“सब चिपकता है. मेरे हाथ देखो,” चाचा म्हणाले आणि लाल हात वर केले. रांगेतली माणसं मागे सरकली. मॅडम त्या हातांकडे निरखून पाहत होत्या, हळदीच्या बोटाकडे पाहिलं होतं त्याच्या अगदी उलट नजरेनं.

रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव राहतो, तो आम्ही काढून घेतला, त्यात खूण मिसळली आणि पहिली कोरी चिप यंत्रात घातली. निळी चढली. मॅडम म्हणाल्या, “रिकामी दाखव.”

रिकामीही चढत होती.

निळीइतकी नाही, पण चढत होती, आणि खाली यायला तयार नव्हती. मॅडमनी धुऊन परत केलं. मग दुसरी चिप. तेच. मी म्हणाले, “मॅडम, हळदीमुळे झालं असेल.”

“या चिपेले हळद लागली का?”

“नाही.”

“मंग हळदीचं नाव कावून घेते?”

त्या स्टुलावर बसल्या. स्टूल पुसायचं विसरल्या, हे मला आठवतं. म्हणाल्या, “आपन फसलो, वलगाव. ते फ्रिजमधलं रक्त किती जुनं झालं होतं! त्यातलं जे चिकट होतं ते बाटलीच्या काचेलेच चिकटून बसलं होतं. आपल्यापर्यंत आलं ते निरं सभ्य रक्त. सभ्य रक्त कोनतीबी चिप झेलते.” मग थोड्या वेळानं, “बबननं बाटली घासून उपकारच केले.” हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू या वेळी त्यांना स्वतःचीच किळस आली होती.

सरांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मी फायली धरून दारात उभी होते.

“मग जुनाच आलेख दाखवा,” सर म्हणाले. नवरात्र संपलं होतं. तोंड भरलेलं होतं. “तोही तुमचाच आहे. खोटा थोडीच आहे?”

“तो शिळ्या रक्ताचा हाय सर.”

“रक्त ताजं की शिळं, कोण विचारते?”

“बकरी विचारते.”

“काय?”

“चांगल्या बकरीचं ताजं रक्त टाकलं तरी ही चिप म्हननार, आजार हाय. मालक तिले खाटकाले देऊन टाकीन. मंग बकरीनं कोनाले सांगाव, की थराले घान चिकटली होती म्हनून?”

“तुम्हाला नोकरीपेक्षा बकरीचं पडलं,” सर म्हणाले आणि खिडकीतून बाहेर थुंकले. खाली सायकल स्टँड होता.

समितीच्या दिवशी सरांनी अंजनगावला यंत्रावर बसवलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फक्त निळी रेघ दाखवायला सांगितलं. समितीतले मोठे सर वयस्कर होते, सौम्य होते. ताजं रक्त आहे असं मॅडमनी सांगितलं, कारण ते ताजंच होतं. थेंब गेला. निळी झरझर चढली. मोठे सर म्हणाले, “वा! वा!” बाकीच्या दोघांनी मान हलवली. चहा आला. सरांनी टाळी वाजवायला हात उचलले होते.

मॅडम काहीच बोलल्या नसत्या तर काहीच झालं नसतं. मी हे पुष्कळदा मनात घोळवलं आहे. कुणी विचारलं नव्हतं. बिस्किटं फिरत होती.

“रिकामी पाहायची राहिली,” मॅडम म्हणाल्या.

“काय राहिलं?” मोठ्या सरांनी विचारलं.

“अंजनगाव, रिकामी दाखव.”

त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मग बटण दाबलं. निळीच्या खाली तांबडी आली, चढलेली, हट्टी. मॅडमनी सरळ, पुस्तकी मराठीत सगळं समजावून सांगितलं. ताज्या रक्तात थर पूर्ण टिकत नाही. आधी टिकला असं वाटलं, ती माझी चूक. निरोगी जनावर आजारी ठरू शकतं. हे अजून गोठ्यावर नेण्याजोगं नाही.

समितीतला एक तरुण माणूस चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “मॅडम, हे आजच सांगायची गरज होती का? पुढच्या टप्प्यात सुधारलंच असतं ना तुम्ही.”

“सुधारलं असतं. पण आज ते सुधारलेलं नाही.”

 मला आधी वाटलं होतं, खरं बोलल्यावर लोक उभे राहून मान देतात. तसं काही झालं नाही. सगळ्यांनी मॅडमकडे असं पाहिलं, जसं कुणी पंगतीत शिंकल्यावर पाहतात. तरुण माणूस रुमालानं ओठ पुसत होता. सर हसत होते, आणि त्यांच्या दातांच्या फटींत लाल काहीतरी होतं.  मी बाहेर गेले.

समितीनं प्रकल्प विभागाकडे ठेवला, पुढचं सरांवर सोपवलं. सरांनी मॅडमची मुदत वाढवली नाही. शेवटच्या दिवशी मॅडमनी आपला चिमटा, साबणाची डबी आणि पेपरांची चवड पिशवीत घातली. बबनभाऊ म्हणाले, “मॅडम, माह्यामुळं झालं का हे?” मॅडम म्हणाल्या, “तुमच्यामुळं समजलं.” हळद लागलेल्या चिपा सरांनी काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या आहेत. पाहुण्यांना दाखवतात, आमच्या विभागाची सोन्याची चिप म्हणून.

उन्हाळा लागल्यावर सरांनी मला बोलावलं. शोधनिबंध तयार होता. त्यात जुना आलेख होता, शिळ्या रक्ताचा, निळी उंच आणि रिकामी सपाट. खाली लिहिलं होतं, ‘ताज्या रक्तात’. मॅडमचं नाव पहिलं होतं, कारण काम त्यांचं आणि त्यांच्या सहीशिवाय निबंध जात नव्हता. “अकोल्याला जा,” सर म्हणाले. “सही आण. सांग, सही केली की नेमणूक पुन्हा होते. मी शब्द देतो.”

मी गेले. नाही म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मॅडम परत येतील या विचारानं गेले.

त्यांचं घर रेल्वेलाइनीच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सात-आठ मुलं बारावीचं रसायनशास्त्र शिकत होती. सगळ्यांचे हात धुतलेले दिसत होते. मॅडम वाळल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, मुलांना सोडलं आणि निबंध वाचायला घेतला. आतून त्यांच्या आईनं विचारलं, “नोकरीचं हाय का वं, शोभा?” त्यांचं नाव शोभा होतं, ते मला तेव्हा कळलं.

“पायते, माय.”

आलेखाच्या पानाशी त्या थांबल्या. मी सरांचा निरोप सांगितला, नेमणुकीचा, शब्दाचा. त्या रिकाम्या रेघेवरून नख न टेकवता बोट फिरवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या रेघेसाठी त्यांनी काय काय केलं होतं, ते मी पाहिलं होतं. ती रेघ खरंच सुंदर होती. आई दाराशी येऊन उभी राहिली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, ऑपरेशन झालेलं.

“किती सपाट हाय पाय,” मॅडम म्हणाल्या. आणि मग नाकपुड्या आत गेल्या.

त्यांनी सही केली नाही.  आईनं मला जेवायला वाढलं, भाकर आणि मुगाची भाजी. मॅडम म्हणाल्या, “तो थर मी पुन्हा बसवीन. पान्याचे रुमाल थोडे विरळ पडले, म्हनून घान शिरते. कसे दाट कराचे, थोडं थोडं ध्यानात येऊन राहिलं.” कुठं बसवणार, कशावर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या मला अकोल्याच्या बसस्टँडवर सोडायला आल्या. निबंधाची फाइल माझ्या हातात होती. अमरावतीची गाडी लागली, लोकांनी खिडक्यांतून रुमाल टाकले. मॅडम त्यांच्याकडे बघून जराशा हसल्या. त्या माझ्यासोबत गाडीत चढल्या. खिडकीजवळची एक सीट रिकामी होती. कारण उघड होतं. तिच्यावर कुणीतरी उलटी करून पुसलेली होती, आणि पुसणं म्हणजे पसरवणं होतं.

मॅडमचा हात सवयीनं पिशवीत गेला. पेपर नव्हता. आता त्या कुठं जात नव्हत्या, पेपर कशाला असेल! त्यांनी माझ्या हातातली फाइल घेतली, उघडली, आलेखाचं पान काढलं आणि सीटवर अंथरलं. मग थांबल्या, उचललं, उलटं केलं आणि पुन्हा अंथरलं.

“छापलेली बाजू खाली राहू दे,” त्या म्हणाल्या. “घानीले घान लागू दे. तुया ड्रेसले नको लागाले. बस.”

मी बसले. त्या उतरून खिडकीखाली आल्या आणि रुमालानं एकेक बोट पुसू लागल्या.

“मॅडम, सरांना काय सांगू?”

गाडी मागे सरकायला लागली होती. त्या अजून करंगळी पुसत होत्या.

“सांग, कागद कामी आला.”

गाडी वळली तेव्हा शेवटचं दिसलं ते एवढंच. फलाटाच्या खांबावरच्या पिचकारीपासून ओढणी सावरत, बोटं फाकवून, गर्दीत कुणालाही न लागता त्या घराकडे चालल्या होत्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या कागदावरून हलले नाही.